अठरा पूर्ण झाले, आता पुढे काय?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी २ एप्रिल आला की तुमच्या पेपरमधे ऑटिझमवर काहीतरी येतं, मी वाचते, चांगलं असतं. पण त्यातली पोरं नेहमी तीन-चार वर्षांचीच असतात हो. लवकर ओळखा, लवकर थेरपी सुरू करा, स्पीच (बोलायला शिकवणारी), ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं शिकवणारी), सगळं पटतं. पण हीच पोरं मोठी होतात, त्यांना मिशा फुटतात, मग पुढे?

माझ्या मुलालाही ऑटिझम आहे, त्याला नुकतीच अठरा पूर्ण झाली. बोलतो मोजकंच, पण मेट्रोत बसला की अजनी, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर, सीताबर्डी, स्टेशन यायच्या आधीच याची अनाउन्समेंट तयार, अगदी त्याच बाईच्या सुरात. लहान होता तेव्हा लोक कौतुकाने गाल ओढायचे, आता एवढा उंच पोरगा तेच करतो तर शेजारचे उठून उभे राहतात. असो, त्याची सवय झाली.

सध्या डोक्याला ताप आहे तो बँकेचा. त्याच्या खात्यावर गार्डियन म्हणून माझी सही चालायची, अठरा झाल्यावर म्हणाले मॅडम आता त्यालाच सही करू द्या. त्याने सहीच्या चौकटीत मेट्रोचा डबा काढला, खिडक्यांसकट. काउंटरवरचा मुलगा एकदा फॉर्मकडे बघे, एकदा माझ्याकडे. त्याला तरी काय बोलणार, त्याला कोणी सांगितलंच नसेल. मला पण थेरपी सेंटरवरच्या एका आईनेच सांगितलं की अठरानंतर आपण आईबाप असलो तरी कायद्याने आपोआप पालक राहत नाही, ऑटिझमसारखं दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी असते, त्यात कलेक्टर साहेब असतात, तिथे अर्ज करून पालकत्वाचा कागद घ्यावा लागतो. त्याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चसुद्धा त्यात येतो. अन् इकडे लोक थेरपीसाठी सोनं गहाण टाकतात.

शाळेचं पण तेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षण आहे, पण ६ ते १८. त्यानंतर पोरगा घरी, अन् त्याच्यासोबत आई पण घरी. सरकारी नोकरीत आरक्षण आहे म्हणतात, तर ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, बहुविकलांग असे सगळे मिळून १ टक्का. माझ्या पोराला तर नोकरीच्याही आधी सकाळी डबा घेऊन जायला एक जागा पाहिजे, जिथे त्याला कोणी काम शिकवेल.

तर साहेब, पुढच्या एप्रिलची वाट न पाहता एकदा नीट माहिती छापा. नागपुरात या कमिटीचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, कोणकोणते कागद लागतात, मीटिंग कधी असते. अन् अठराच्या वरच्या पोरांना दिवसभर ठेवून काम शिकवणारं कोणी आपल्याकडे असेल तर त्यांचे पत्ते फोन नंबरसकट द्या, खाली बारीक अक्षरात दिले तरी चालेल, आम्ही शोधून वाचू.

एक आई, नागपूर