चोवीस पॉइंट शून्य सहा

पाटोदा,
१२ जानेवारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि खरं सांगू, आधी रागच आला. "आमच्या आयटीआयला टर्नरच्या, म्हणजे लेथकामाच्या, पहिल्या वर्षाला वीस पोरं, सगळी दहावी पास. त्यातल्या सात जणांना जाडी मोजायचं साधं व्हर्नियर वाचता येत नाही. दहा वर्षं तुम्ही लोक करता काय?" हे तू मला विचारतोस, एका केंद्रप्रमुखाला! दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. पण त्या एका पोराचं तू लिहिलंस ना, ते डोक्यातून जाईना. मेनस्केलवर, म्हणजे मुख्य पट्टीवर, चोवीस, व्हर्नियरची तिसरी रेघ जुळलेली, म्हणजे रेघेला ०.०२ मिलिमीटरच्या हिशोबाने ०.०६. आणि पोरगं ठणकावून म्हणतं, "चोवीस पॉइंट सहा!" अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक. घडवलेला नग भंगारात.

तिसऱ्या दिवशी एका शाळेत सहावीच्या वर्गावर गेलो. फळ्यावर ४.०६ आणि ४.६ लिहिलं आणि विचारलं, मोठी कोणती? तेवीस पोरं होती, चौदा हात ४.०६ ला वर. कारण काय, तर "त्यात आकडे जास्त आहेत सर." मी आपला जुना उपाय काढला. चार रुपये सहा पैसे आणि चार रुपये साठ पैसे. तर पुढच्या बाकावरची एक पोरगी विचारते, "सर, पैसे म्हणजे रुपयेच ना?"

मी गप्पच झालो. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. ही पोरं त्यानंतरची. दशांश आपल्याला कुठे गुरुजींनी शिकवला होता? मारवाड्याच्या दुकानात सुटे मोजताना आला तो. दुकानातला तो वर्ग कधी बंद पडला, कुणाला कळलं नाही, आणि त्याच्या जागी आम्ही दुसरं काही ठेवलं नाही.

मग तसाच खाली उतरत गेलो. दुसरीत "त्रेपन्न लिहा" म्हटलं तर निम्म्या पाट्यांवर ३५. तुला २०१९ चा गदारोळ आठवतो? बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी संख्या वाचायची पद्धत आणली तेव्हा सगळा महाराष्ट्र हसत होता. मीही हसलो होतो, ग्रुपवर विनोद पुढे ढकलले होते. पुस्तकाच्या गणित समितीच्या मंगलाताई नारळीकर बिचाऱ्या समजावून सांगत होत्या. आता त्या पाट्या बघताना वाटलं, आपण बोलताना तीन आधी म्हणतो आणि लिहिताना पाच आधी, पोराने करावं तरी काय? हसण्याआधी एकदा वर्गात जाऊन बघायला हवं होतं.

आणि दुसरीच्या खाली अंगणवाडी. त्या शाळेत तर मधे एक भिंतच आहे. अलीकडे अंगणवाडी, पलीकडे पहिली. सेविकाबाईंना विचारलं, यंदा पहिलीत गेलेल्यांत कच्चं कोण? त्यांनी श्वास न घेता चार नावं सांगितली, कोणाला ऐकू कमी येतं तेसुद्धा. पहिलीच्या गुरुजींना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे नाव, जन्मतारीख आणि आधार नंबर आला होता. ज्याला ऐकू कमी येतं ते पोरगं जूनपासून शेवटच्या रांगेत बसलेलं!

दोष गुरुजींचा नाही आणि बाईंचाही नाही. अंगणवाडी महिला व बालविकासची, शाळा शालेय शिक्षणची, तुझं आयटीआय कौशल्य विभागाचं, पॉलिटेक्निक उच्च व तंत्रशिक्षणचं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा पोराला सहाव्या वर्षी धरतो आणि चौदाव्या वर्षी सोडतो. तुझ्या टर्नरला दहावी पास लागते. मधलं पोरगं कोणाचं? शंभर ठिकाणी त्याची नोंद आहे, पण पोरगं पुढच्याच्या हातात नीट देणारा कोणी नाही.

हे इतकं लांबण लावायचं कारण असं की पुढच्या महिन्यात जिल्ह्याला बैठक आहे. राज्याचा आराखडा करायचा म्हणे, अंगणवाडीपासून नोकरीपर्यंत, आणि आमच्याकडून मुद्दे मागवलेत. अर्थातच "आजच्या आज". नवीन योजनेचं नाव सुचवायचा सगळ्यांना उत्साह आहे. मी एकच सांगणार आहे: योजना राहू द्या, सांधे बघा. अंगणवाडीतून पहिलीत, चौथीतून पाचवीत, दहावीतून तुमच्याकडे, तुमच्याकडून कंपनीत. गळती आहे ती तिथेच. जूनमध्ये एक दिवस सेविकाबाई आणि पहिलीचे गुरुजी समोरासमोर बसू द्या, एकेक पोराचं नाव घेऊन. शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, फुगे लागतात, फोटो अपलोड होतात. हे बसणं तेवढं होत नाही.

आपल्याकडचा आणखी एक सांधा वरच्यांना दिसतच नाही, तो दिवाळीचा. आत्ता माझ्या केंद्रातल्या एका वस्तीशाळेत पटावर एकतीस आहेत आणि वर्गात बारा. बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडात, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्डही आहे. पण कार्ड घेऊन पोरगं तिकडच्या शाळेत गेलं की नाही, हे गुढीपाडव्याला ते परत आल्यावरच कळतं. तोवर वर्गात दशांश शिकवून झालेला असतो. तुझ्या सातांपैकी किती जण ऊसतोड्यांचे आहेत, एकदा विचारून बघ. सहज विचार, वर्गासमोर नको.

आणि वरच्या टोकाचंही बोलतो, रागावू नकोस. ती युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तुमच्या आयटीआयवाल्यांना महिना आठ हजार. पोरं खूश. माझ्या भाच्याला कार्यालयात बसवलं, फिटर झालेला पोरगा झेरॉक्स काढत होता. विद्यावेतन संपलं आणि घरी आला. त्याला काय येतं हे तिथे कोणी विचारलं नाही आणि त्याने काय शिकलं हे इथे कोणी विचारणार नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आपण गेलो होतो ते आठवतं का? हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातून एक दिवस हातांनी कामं करायची: वेल्डिंग, शेती, रक्ताचा गट तपासणं, वायरिंग. नुसतं नमुन्याचं काम नाही, गावाला लागणारं काम. दहावीच्या बोर्डाने तो विषय मान्यही केला होता. तू तिथल्या एका पोरीच्या हातचा वेल्ड बघून म्हणालास, "हिला मी उद्या घेईन." चाळीस वर्षं झाली, नमुना डोळ्यासमोर आहे आणि आपण अजून मुद्दे मागवतोय.

असो. बैठकीचं काय व्हायचं ते होईल. तुझ्याकडे मात्र काम आहे. तुमच्या स्टोअरमध्ये बाद केलेली व्हर्नियर पडून असतील, जबडे झिजलेली. रीतसर सही करून पाच-सहा घेऊन ये. सहावीच्या पोरांना रुपये-पैसे कळत नसतील, तर पेन्सिलीची जाडी मोजू दे. आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. त्या पैसे विचारणाऱ्या पोरीला पहिलं व्हर्नियर मी देणार आहे.

शनिवार धर, शाळा सकाळची असते. आदल्या रात्रीच ये, शेतात हुरडा आलाय आणि बाबा तुझी आठवण काढतात. वहिनींना नमस्कार सांग. आणि सातांचं काय झालं ते येताना सांग.

तुझा,
बाळू