निराधार आहे म्हणून लाडकी नाही

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला आमच्या तालुक्याला येऊन माईकवर तुम्ही म्हणालात, "विश्वास ठेवा, दिवाळीच्या आत संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यावर पडतील." ठेवला. दिवाळी गेली, कार्तिकी एकादशीही गेली. मोबाइल वाजला म्हणून धावले, तर मेसेज रिचार्ज संपल्याचा.

सासूनं तर तुमच्या शब्दावर दुकानातून रवा-तेल उधार आणलं. तिनं माझं पासबुक देव्हाऱ्यात विठोबाशेजारी ठेवलंय. दर एकादशीला त्याला हळद-कुंकू वाहते. वरचं माझं नाव आता डागाखाली गेलंय, वाचता येत नाही.

मालक दोन वर्षांमागं उसाच्या ट्रॉलीखाली गेले. बारावीतला पोरगा यंदा माझ्याबरोबर ऊसतोडीच्या कोयत्यात, म्हणजे जोडीत आहे. निराधारसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, वर्षाला 21,000 च्या आतला, अख्ख्या घराचा. म्हणजे दिवसाला 57 रुपये! मुकादम हंगामाआधी आगाऊ देतो ती उचलच त्याहून जास्त असते. ती कमाई नव्हे, कर्ज आहे, एवढं पटवायला मला चार खेपा पडल्या.

महिन्याचे 1,500, तेही चार महिने नाहीत. म्हटलं, मग लाडकी बहिणीत नाव घाला. खिडकीतला म्हणाला, "बाई, तुम्हाला तिकडचे मिळतात ना?" मिळत नाहीत हो! "पण यादीत आहात." लाडकी व्हायला मर्यादा अडीच लाखांची, निराधार व्हायला एकवीस हजारांची. ज्यानं हा हिशेब बसवला त्याचा सत्कार ठेवा, नारळ मी आणते. आणि लाडकीचे 2,100 करणार होतात, त्याचं काय झालं?

हयातीचा दाखला द्यायला तीनदा गेले. कोयत्यानं बोटांच्या रेषा घासल्यात, यंत्र म्हणतं अंगठा जुळत नाही. आम्ही ऊसतोडवाले कुणी म्हणतं आठ लाख, कुणी बारा. धड मोजलंय कुणी? मतदानाला मात्र न्यायला फडापर्यंत गाड्या येतात. तेव्हा बोटाला शाई लावतात, रेषा कोणी बघत नाही. पक्ष कुठलाही असो, गाडी तीच.

मागणं एवढंच, चार महिन्यांचे सहा हजार द्या आणि हयातीचा दाखला इथं कारखान्यावर घ्या. गावाकडं यायचं तर खाडा पडतो, तो मुकादम उचलीत चढवतो.

सासू रोज फोनवर विचारते, "पडले का गं?" मी म्हणते, उद्या.

आपली,
निराधारच्या यादीतली एक
जि. बीड, सध्या मुक्काम कारखान्यावर, कोपीत (झोपडीत)