उंदरांच्या यकृतावरून घाईचा निष्कर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'यकृताच्या कर्करोगाचे मूळ सापडले' अशा मथळ्याची, कर्करोगाच्या मूलपेशींविषयीची बातमी वाचली. प्रयोग उंदरांवरचा होता हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कळले, आणि त्यात नेमके काय दिसले हे तर कुठेच कळले नाही. मेणात बसवलेल्या ऊतींचे काप काढणे आणि ते रंगवणे हे काम मी प्रयोगशाळेत २६ वर्षे केले, म्हणून हे लिहीत आहे.

अशा प्रयोगांत बहुधा दोन आठवड्यांच्या नर पिल्लांना डायइथाइलनायट्रोसामाइन या कर्करोग घडवणाऱ्या रसायनाचे एकच इंजेक्शन देतात आणि साधारण ८ ते १० महिन्यांत यकृतावर गाठी दिसू लागतात. (नरच घेतात, कारण माद्यांमध्ये इस्ट्रोजेनमुळे गाठी पुष्कळच कमी होतात.) मधल्या काळात टप्प्याटप्प्याने नमुने घेऊन सीडी१३३, एपकॅम, सीडी४४ ही प्रथिने कोणत्या पेशींवर आहेत ते पाहतात. गाठीतील ज्या मोजक्या पेशी पुन्हा नवी गाठ उभी करू शकतात त्या कर्करोगाच्या मूलपेशी, आणि ही प्रथिने त्यांच्या खुणा मानली जातात. 'मानली जातात' हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत.

निरोगी उंदराच्या यकृताचा काप सीडी१३३च्या प्रतिपिंडाने (त्याच प्रथिनाला नेमके चिकटणाऱ्या रेणूने) रंगवला, तरी पित्तनलिकेच्या आतल्या कडेला बारीक तपकिरी रेघ उमटतेच. एपकॅमही त्याच नलिकांवर सापडते. यकृताला इजा झाली, की नलिकांसारख्या या पेशी दुरुस्तीच्या कामी वाढतात आणि मग तो रंग एका जागी न राहता फांद्या फुटल्यासारखा यकृतपेशींच्या रांगांमध्ये शिरलेला दिसतो. नवखा माणूस त्यालाच 'मूलपेशी वाढल्या' म्हणून मोजून मोकळा होतो. मीही उमेदवारीत एका अख्ख्या तुकडीची अशी मोजणी केली होती. आमच्या बाईंनी वही चाळली आणि काही न बोलता माझ्याकडे परत सरकवली.

त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या महिन्यात, गाठीचा पत्ताही नसताना, खूण दिसली तर ती कर्करोगाची की दुरुस्तीची, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. खूण असलेल्या आणि नसलेल्या पेशी वेगळ्या करून, संख्या कमी कमी करत दुसऱ्या उंदरांत सोडाव्या लागतात आणि गाठ कोणाची धरते ते पाहावे लागते. ही कसोटीसुद्धा निर्विवाद नाही. २००८ साली मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरील अभ्यासात, प्रतिकारशक्ती अधिक क्षीण केलेले उंदीर वापरताच साधारण चारांतल्या एका पेशीने गाठ धरली. आधी हेच प्रमाण अत्यल्प समजले जात होते.

शिवाय या इंजेक्शनच्या उंदरांना बहुधा सिरोसिस, म्हणजे यकृत निबर होण्याचा आजार, नसतो. माणसात मात्र यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू वा चरबीमुळे आधीच निबर झालेल्या यकृतातच होतो. या फरकाचा उल्लेख बातमीत एका वाक्यातही नाही.

हे लिहिण्याचे तातडीचे कारण म्हणजे आमच्या इमारतीतील एक गृहस्थ, ज्यांना सिरोसिस आहे, बातमीचे कात्रण घेऊन 'ही मूलपेशींची तपासणी कुठे होते' असे विचारत आले. एका ठिकाणी त्यांना अशा 'पॅकेज'चा दरही सांगितला गेला होता. या खुणा पाहून यकृताचा कर्करोग लवकर ओळखण्याची रूढ तपासणी आज नाही, हे बातमीदाराने लिहिले असते तर त्यांचा हेलपाटा वाचला असता.

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे. छापण्यापूर्वी एक दूरध्वनी करणे पुण्यातल्या वृत्तपत्राला अवघड नव्हते. पुढच्या पुरवणीत, मूळ बातमी होती तेवढ्याच ठळकपणे खुलासा छापावा, ही विनंती. आमच्या शेजाऱ्यांना मी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका एवढेच सांगितले आहे. पुढची येत्या महिन्यात आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोथरूड, पुणे