मंत्रीसाहेब, आमच्या फ्रीजचा फोटो तुमच्यापर्यंत पोचला का?

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची, सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगच्या कामाला जाते. माझी दोन पोरं बाल संगोपन योजनेत आहेत, म्हणजे आईबाप किंवा दोघांतलं एक गेलेल्या पोरांच्या सांभाळासाठी सरकार पैसे देतं त्या योजनेत. मोठा नववीला आणि धाकटी पाचवीला. त्यांचे पप्पा मे २०२१ मध्ये कोरोनात गेले. योजनेबद्दल तुमचे आभार मानायचे होते, खरंच मानायचे होते, मागे एकदा तसं पत्र लिहायलाही घेतलं होतं. पण आज वेगळंच लिहावं लागतंय.

गेल्या मंगळवारी आमच्याकडे गृहभेटीला एक साहेब आले. कुठल्या ऑफिसचे ते मी लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी माझी फाईल त्यांच्याच टेबलावरून जाणार आहे. माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून मी घरी सापडले. चहा ठेवला, खुर्ची एकच आहे ती दिली. साहेबांनी पासबुक बघितलं, बोनाफाईड बघितलं, दोन्ही पोरांच्या आधारची झेरॉक्स घेतली. मग मान वळवून किचनकडं बघितलं आणि म्हणाले, "फ्रीज नवा दिसतोय. पैसे पोरांसाठी येतात ना?" मी म्हटलं साहेब जुनाच आहे, सेकंडहँड, साडेपाच हजारांचा. तर म्हणाले, "तुम्हा बायकांच्या हातात पैसे आले की आधी घर सजवायचं सुचतं." आणि खिशातून मोबाईल काढून फ्रीजचा फोटो घेतला. दार उघडून आतला पण घेतला. आत वरणाचं पातेलं होतं, अर्धा लिटर दूध, कोथिंबीर आणि पाण्याच्या दोन बाटल्या.

पोरगा तिथंच पुस्तक घेऊन बसला होता. सगळं ऐकलं त्यानं.

आता मी तुम्हाला हिशोब देते, साहेबांनी मागितला नाही, त्यांनी नुसता फोटो घेतला, म्हणून तुम्हाला देते. योजनेचे एका पोराला महिन्याला २२५० म्हणजे दोघांचे ४५००. आधी हेच ४२५ होते, मग ११०० झाले, मग २२५०, वाढवले ते चांगलं केलं, नाही म्हणत नाही. पण फॉर्म भरताना आम्हाला सांगितलं होतं दर महिन्याला खात्यावर येतील. यावेळी नऊ महिने एक रुपया आला नाही. मी दर पंधरा दिवसांनी विचारायला जायचे, अर्ध्या दिवसाचा पगार कापून, आणि एकच उत्तर, वरून निधी आला नाही ताई. मग एक दिवस फोनवर मेसेज आला, एकदम ४०,५०० जमा. मी कंपनीच्या गेटवरच रडले.

ते कुठं गेले ते ऐका. किराणावाल्याची उधारी ११,२००. दोन महिन्यांचं थकलेलं भाडं ९,०००. बचत गटाचं कर्ज ८,०००. दोघांचे युनिफॉर्म, बूट, वह्या आणि पोराच्या गणिताच्या क्लासचा हप्ता मिळून ४,३००. फ्रीज ५,५००. धाकटीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिचा चष्मा १,३००. राहिले १,२००, ते अजून खात्यात आहेत, पासबुकात दिसतील.

आता तुमच्या साहेबांच्या हिशोबानं यातले पोरांसाठी फक्त युनिफॉर्म, क्लास आणि चष्मा, बाकी सगळं मी उडवलं. अहो पण नऊ महिने तुमचे पैसे आले नाहीत तेव्हा पोरं जेवत होती ना? ती काय खात होती? उधारीचंच खात होती! किराणावाल्या काकांच्या वहीत रोजची नोंद आहे, तेल अर्धा किलो, तूरडाळ पाव किलो, पार्ले दोन, पेन एक. ते अकरा हजार म्हणजे माझ्या पोरांनी आधीच खाऊन संपवलेलं अन्न आहे. भाडं म्हणजे ती झोपतात ते छप्पर. बचत गटाचं कर्ज काढलं ते धाकटीच्या दवाखान्यासाठी आणि शाळेच्या फीसाठी. तुम्ही उशिरा द्यायचं, आम्ही मधे कर्ज काढून पोरं जगवायची, आणि पैसे आले की ते कर्जात का घातले म्हणून आम्हालाच विचारायचं, हे कसं काय?

आणि फ्रीजचं सांगते, कारण ते माझ्या फार जिव्हारी लागलंय. माझी फर्स्ट शिफ्ट असली की मी पहाटे चारला उठून पोळ्या, वरण, भात करून ठेवते आणि सव्वासहाला घर सोडते. पोरं शाळेतून येतात दुपारी दीडला. आमची खोली पत्र्याची, एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही. मागच्या उन्हाळ्यात धाकटीनं असंच आंबलेलं वरण खाल्लं, तिला वास कळला नाही, भूक लागली होती. रात्री उलट्या, जुलाब, डोळे पांढरे करायला लागली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोन सलाईन लागले, ३,२०० रुपये बिल. रात्रभर मी तिचा हात धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच, मीच केलेल्या स्वयंपाकानं माझं लेकरू आजारी पडलं. तेव्हाच ठरवलं होतं की पैसे आले की आधी फ्रीज. मंत्रीसाहेब, त्या फ्रीजइतका पोरांसाठीचा खर्च माझ्या घरात दुसरा कुठलाच नाही. साहेबांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

योजनेच्या नावातच संगोपन आहे. संगोपन म्हणजे काय नुसती वही-पेन? माझ्या बचत गटात अजून तिघी आहेत ज्यांना हे पैसे येतात. एकीनं जुनी शिलाई मशीन घेतली, आता ब्लाऊज शिवते, दोन पोरींना घरी ठेवून बाहेर कामाला जावं लागत नाही. एकीनं मोठ्या मुलीच्या बारावीच्या क्लासला सगळे घातले. आणि तिसरीनं त्यातले अठराशे काढून मुलाला शाळेच्या सहलीला पाठवलं, तिला सगळे बोलले, सासूपण बोलली, की एवढी चैन कशाला. ती म्हणाली, बाप नाही म्हणून सहलीला नाही असं त्याला आयुष्यभर आठवायला नको. मी तर म्हणते बरोबर केलं. तिच्या पोराला काय पाहिजे ते तिला कळतं, मला नाही कळत, आणि तुमच्या गृहभेटीच्या फॉर्ममधल्या रकान्याला तर अजिबात नाही.

खोटं बोलणार नाही, गैरवापर होतोच. आमच्या वस्तीत एक घर आहे, आईबाप दोन्ही गेलेलं पोरगं, काका सांभाळतो म्हणून कागदावर आहे. पैसे आले की काका चार दिवस दारूत, आणि पोरगं गॅरेजवर टायर उचलतंय. त्या घरी पण गृहभेट झालीच ना? तिथं फ्रीज नाही, खर्चाचं काही दिसलं नाही, फाईल पास. शोधायचंच असेल तर पोराला बाजूला घेऊन विचारा ना, तू काल काय जेवलास, शाळेत शेवटचा कधी गेलास. त्याच्या बाईंना विचारा. वजन बघा त्याचं. दहा मिनिटांत कळेल कुठं पैसा पोचतोय आणि कुठं नाही. घरातल्या वस्तू मोजून काय कळणार?

आणि आमचे कागद किती तपासायचे याला काही मर्यादा? नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, बालकल्याण समितीपुढं हजेरी, आणि घराच्या दारात पोरांना घेऊन उभं राहून काढलेला फोटो. त्या फोटोसाठी पोरांना नवे कपडे घालावेत का जुने, यावर आम्ही बायकांनी चर्चा केलीय, खरंच सांगते, नवे घातले तर म्हणतील गरज नाही, जुने घातले तर म्हणतील पोरांकडं लक्ष नाही. लाडकी बहीणच्या केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर मागत होते, ओटीपीसकट. माझे दोघेही नाहीत. मग ओटीपी कुणाच्या फोनवर येणार होता? संजय गांधी निराधारला गेले तर वर्षाला २१,००० उत्पन्नाची अट, म्हणजे महिन्याला १७५०. अहो महिन्याला १७५० मध्ये कोण जिवंत राहतं? मी कामाला जाते हाच माझा गुन्हा झाला. कोरोनाचे ५०,००० मिळाले होते, ते मिळायच्या आधीच हॉस्पिटलचं देणं त्याच्यावर उभं होतं. लेक लाडकी योजना चांगली आहे म्हणतात, मोठी झाल्यावर ७५,०००, पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना. माझी आधी जन्मली.

निवडणूक आली तेव्हा लाडकी बहीणच्या १५०० चे २१०० करू म्हणून सांगत सत्तेतले सगळे फिरले. तेव्हा कोणी विचारलं नाही की ताई, या पैशाचं तुम्ही काय करता, बिल दाखवा. उलट स्टेजवरून सांगत होते की बहिणींनो हे तुमच्या हक्काचे पैसे, भाऊबीज आहे. मग माझ्या बाप गेलेल्या पोरांचे २२५० हक्काचे नाहीत का? दिवसाचे ७५ रुपये होतात एका पोराचे. पंचाहत्तर! एक लिटर दूध आणि थोडे सुटे एवढ्यात संपतात. माजी आमदाराला महिन्याला ५०,००० च्या वर पेन्शन आहे, ती कधी नऊ महिने थकल्याचं मी ऐकलं नाही. त्यांच्या घरी जाऊन कोणी फ्रीज उघडून फोटो काढतं का? कुंभमेळा येतोय, नाशिकमध्ये रस्ते खोदून ठेवलेत, हजारो कोटींची कामं निघालीत, निघू द्या, गोदामाई आमचीही आहे. पण एवढा निधी जर वेळेत येऊ शकतो तर आमच्या पोरांच्याच निधीला वरून यायला नऊ महिने का लागतात? वर म्हणजे नेमकं कुठं असतो तो? कोण अडवतं? मला आजपर्यंत एका माणसाचं नाव कोणी सांगितलं नाही. गरिबाकडून हिशोब रुपयाचा घ्यायचा आणि स्वतः उशीर केला त्याचा हिशोब कुणालाच द्यायचा नाही, असंच चाललंय सगळं, रेशनवर तेच, शाळेत तेच, दवाखान्यात तेच. ठेकेदार माझा पीएफ कापतो आणि भरतो की नाही ते बघायला कुठला साहेब फोटो काढायला येत नाही.

रागात काय काय लिहून गेले. मागणं एवढंच आहे. पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या, कमी असले तरी चालतील पण तारखेला द्या, मग उधारी होणार नाही आणि उधारीत जाणारही नाहीत. उशीर झाला तर का झाला ते मेसेजवर कळवा. गृहभेटीला येणाऱ्या माणसांना सांगा की आधी पोरांशी बोला, आणि घरातल्या कुठल्याही वस्तूचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि माझ्या फाईलला तो फ्रीजचा फोटो लावला असेल तर त्याच्या शेजारी धाकटीच्या दवाखान्याचं बिलही लावा, झेरॉक्स मी द्यायला तयार आहे.

त्या दिवशी रात्री पोरानं मला विचारलं, "आई, फ्रीज परत दिला तर पैसे चालू राहतील का?" मी म्हटलं असं काही नसतं, झोप. पण तेव्हापासून दारावर कोणी आलं की तो आधी उठतो आणि फ्रीजवर चादर टाकतो. काल सिलेंडरवाला आला तरी टाकली. पंधरा वर्षांचा आहे तो.

मी रोज कामावरून आले की ती चादर काढून घडी घालून ठेवते. पुढच्या गृहभेटीला साहेब येतील तेव्हा फ्रीज उघडाच दिसेल.

आपली,
दोन पोरांची आई
सिडको, नाशिक