दोन दिव्यांचा गुन्हा : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहनमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : फॉग लॅम्प घरी बसवल्याबद्दल झालेले चलान, आणि त्यानिमित्ताने काही प्रश्न.

महोदय,

सादर नमस्कार. गेल्या मंगळवारी सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उरकून सावंतवाडीहून आजरा तालुक्यातल्या आमच्या गावी परतत असताना, मला वाटेत थांबवून माझ्या गाडीच्या बंपरमधील दोन पिवळ्या फॉग लॅम्पसाठी, म्हणजे धुक्यात लावायच्या दिव्यांसाठी, चलान करण्यात आले. ठिकाण मुद्दामच लिहीत नाही, कारण तिथल्या तरुण अधिकाऱ्याशी माझे वैर नाही. तो बिचारा पावसात भिजत उभा होता आणि हातातल्या यंत्रातल्या यादीमधून त्याने एक कलम निवडले. माझी तक्रार यादी करणाऱ्यांशी आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

माझी गाडी फोर बाय फोर आहे, पण शोरूममध्ये ज्याला ‘बेस मॉडेल’ म्हणतात ती. हौस म्हणून घेतलेली नाही. मुख्य रस्त्यापासून आमच्या वस्तीपर्यंतचा शेवटचा तीन किलोमीटरचा चढ तांबड्या चिखलाचा आहे आणि जून ते सप्टेंबर तिथे दुसरी चारचाकी चढत नाही. रात्री-अपरात्री कोणाला कळा आल्या, कोणाला पान लागले (साप चावला), की वस्ती माझ्या दारात येते. वरच्या मॉडेलमध्ये कंपनीच फॉग लॅम्प देते, परंतु त्यांच्यासोबत टचस्क्रीन, अलॉय चाके आणि आणखी काय काय घ्यावे लागते. मी विचारले तेव्हा हा फरक दीड लाखाच्या वर होता. घनसाळ भात पिकवणाऱ्या माणसाने दोन दिव्यांसाठी दीड लाख मोजावेत, हे मला पटले नाही.

आता गंमत पाहा. बेस मॉडेलच्या बंपरमध्ये त्या दिव्यांसाठी दोन गोल खोबणी आहेतच, फक्त त्यांवर काळी प्लास्टिकची झाकणे बसवली आहेत. आतल्या बाजूला वायरिंगचे सॉकेट टेप गुंडाळून लोंबकळत ठेवले आहे. डॅशबोर्डवर बटणाची जागासुद्धा आहे, पण तिथे आहे डमी बटण, जे कितीही दाबले तरी काहीही होत नाही. (शासकीय कार्यालयांशी व्यवहार करून मला अशा बटणांची सवय आहे, हा भाग वेगळा.)

दिवे बसवण्याआधी, म्हणजे चार महिन्यांपूर्वी, मी एका कार्यालयात जाऊन लेखी अर्ज दिला. त्याच मॉडेलसाठी कंपनीच्याच सुट्या भागांच्या काउंटरवर मिळणारे ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प मूळ खोबणीत बसवायचे आहेत, परवानगी लागत असल्यास द्यावी आणि लागत नसल्यास तसे लिहून द्यावे, एवढेच त्यात होते. अर्जावर आवक शिक्का मिळाला. टेबलापलीकडून तोंडी उत्तर आले, “लावा हो, फॉग लॅम्पला कोण विचारतंय!” लेखी उत्तर आजतागायत आलेले नाही. मंगळवारी त्या अर्जाची शिक्का असलेली प्रत मी अधिकाऱ्यापुढे धरली. ती टॉर्चच्या उजेडात वाचून तो म्हणाला, “काका, ही पोच आहे. परवानगी नाही.” वाक्य इतके बिनतोड होते, की माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मी आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला माणूस आहे, तरी पहिल्या प्रयत्नात चुकलो, हेही लिहून टाकतो. सॉकेटमध्ये वीज येत नव्हती, म्हणून पार्किंग लाइटच्या वायरला जोड मारून दिवे थेट चालवले. दहा मिनिटांत स्विच तापून जळका वास आला. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट, अर्थात १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर; एवढा भार पार्किंगच्या बारीक वायरीने का सोसावा? मग सगळे उखडून पुन्हा केले. बॅटरीच्या धन टोकाशेजारी १५ अँपिअरचा फ्यूज लावला, तिथून जाड वायर ४० अँपिअरच्या रिलेच्या (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनेला नेली आणि ८७ नंबरच्या पिनेतून दिव्यांना दिली. ८५ बॉडीला अर्थ केली. ८६ ला पार्किंग लाइटचा पुरवठा स्विचमधून दिला, म्हणजे गाडीचे दिवे बंद केले की हेही आपोआप बंद. रबरी ग्रोमेट (वायर पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) घातल्याशिवाय एकही वायर पत्र्यातून ओढली नाही. चुकीच्या वायरिंगने गाड्या पेटतात हे मला मान्य आहे आणि माझे वायरिंग कोणी तपासले असते तर मला आनंदच झाला असता. मंगळवारी बॉनेट उघडून दाखवू का, असे मी दोनदा विचारले. त्याची गरज नव्हती म्हणे.

दिव्यांचा रोखही अंदाजाने ठेवलेला नाही. सपाट अंगणात गोठ्याच्या भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर होता, म्हणून झोत खाली राहावा यासाठी भिंतीवर त्याहून १५ सेंटिमीटर खाली, ४७ सेंटिमीटरवर कोळशाने रेघ ओढली आणि उजेडाची वरची कड त्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम सांगतो, की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. योगायोगाने माझ्या पत्नीचे डोळे बरोबर तेवढ्याच उंचीवर आहेत. दिल्लीने नियमात कल्पिलेला तो माणूस म्हणून ती छत्री घेऊन ८ मीटरवर उभी राहिली आणि काही दिपत नाही असे सांगून भाकऱ्या थापायला निघून गेली. आपल्या खात्याने त्याच नियमाची तपासणी माझ्या गाडीवर कशी केली? लांबून पाहून. तिथे साधी टेपसुद्धा नव्हती.

हे दिवे लागतात कशाला, असे मुंबईत बसून कोणी विचारील. आंबोलीच्या घाटात श्रावणात धुके उतरले की हेडलाइटचा अप्पर लावून पाहावा. समोर चुन्याची भिंत उभी राहते. उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. फॉग लॅम्प खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, म्हणून रस्त्याची कड दिसते. आणि आमच्याकडे नुसते धुके नाही, गवे आहेत. मोठ्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते, अंग काळेभोर, आणि रात्री तो रस्त्यात उभा असला तर डांबर आणि गवा यांतला फरक शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. त्याच्या गुडघ्याखालचे पाय मात्र पांढुरके असतात. खालच्या पिवळ्या झोतात आधी ते चार पाय दिसतात आणि मग वर मान नेली की अख्खा डोंगर दिसतो. गेल्या वर्षी दिवे नव्हते, तेव्हा मला ते पाय दिसले नाहीत. गवा निघून गेला. माझा रेडिएटर, उजवा मडगार्ड आणि डाव्या हाताचे मनगट मागे राहिले. मनगट अजूनही पावसाळ्यात ठणकते आणि भाताची लावणी एका हाताने होत नाही, हे आपल्या खात्याच्या कोणत्याच रकान्यात बसणार नाही.

कलमाकडे वळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ, पोटकलम ४ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. “दिवे दोन आहेत,” असे अधिकारी सूचकपणे म्हणाला. मग रिले हा तिसरा बदल आणि ग्रोमेट चौथा धरायचा काय? कलम ५२ मध्ये ‘बदल’ या शब्दाचा अर्थ दिलेला आहे : वाहनाच्या रचनेत केलेला असा फेरफार, ज्याने वाहनाचे मूळ वैशिष्ट्यच बदलते. कंपनीने सोडलेल्या खोबणीत कंपनीचाच दिवा बसवल्याने माझ्या गाडीचे कोणते मूळ वैशिष्ट्य बदलले, ते आपल्या खात्याने एका ओळीत कळवावे. मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु तोच दिवा कारखान्यातल्या कामगाराने बसवला तर सुरक्षेची सोय आणि मी बसवला तर गुन्हा, असा निवाडा त्यातून निघतो, हे मला कबूल नाही.

सगळे जादा दिवे चालू द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. नियम १११ पुढच्या बाजूला स्पॉटलाइट आणि सर्चलाइट लावण्यास मनाई करतो आणि तो योग्यच आहे. माझे चलान लिहिले जात असतानाच टपावर एलईडी बार लावलेला एक टेम्पो समोरून आला. अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांवर आडवा हात धरला, टेम्पो जाईपर्यंत धरून ठेवला, आणि मग खाली वाकून माझा नंबर पुन्हा टिपू लागला. वडील पुढच्या सीटवर एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसले होते. ते म्हणाले, “मला एका डोळ्यानं दिसलं, ह्यास्नी दोन डोळ्यांनी कसं दिसना?”

परवा मी चहाच्या टपरीवर बसून समोरून आलेली १०० वाहने मोजली. त्यांतल्या चाळीसेक वाहनांचे दिवे डोळ्यांत घुसत होते. कुणी हॅलोजनच्या वाडग्यात स्वस्त एलईडी कोंबलेला, कुणाचा एक दिवा आभाळाकडे. मोजणी शास्त्रीय नाही, मध्ये दोन चहा झाले. पण याच प्रमाणाने राज्याचा हिशेब मांडला तर आकडा काही लाखांत जाईल, आणि तो चुकीचा वाटत असेल तर आपण खरा आकडा छापावा. छापणार कसा? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि तेवढ्या काळात तिच्या दिव्यांचा रोख एकदाही तपासला जात नाही. धुराची पीयूसी मात्र दरवर्षी. रस्त्यावर तर सगळा उजेडच उजेड आहे : कडेचा पांढरा पट्टा पहिल्या पावसात जातो, वळणावरचे रिफ्लेक्टर गाड्यांच्या धडकेने उडतात ते पुन्हा बसत नाहीत, आणि गव्यांच्या सूचनेचा फलक झुडपात असा गेला आहे, की तो फक्त गव्यांनाच वाचता यावा. पट्टा कोणाचा, तर बांधकाम खात्याचा. गवा वन खात्याचा. नियम केंद्राचे. वीस वर्षे हेच ऐकतो आहे. पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरून घेताना मात्र यातले कोणतेच खाते दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही.

मागणी मोठी नाही. त्या मॉडेलसाठीचा मान्यताप्राप्त फॉग लॅम्प मूळ जागी बसवला असेल आणि त्याचा झोत खाली असेल तर त्याला बदल समजू नये, असे परिपत्रक आपण आपल्या अधिकाऱ्यांना काढू शकता. त्यासाठी दिल्लीला जावे लागणार नाही. पीयूसी केंद्रावर एक भिंत, एक रेघ आणि झोत तपासायचे यंत्र ठेवता येईल. आणि माझ्या चार महिन्यांपूर्वीच्या अर्जाला होय किंवा नाही, असे लेखी उत्तर मिळावे. तक्रार पोर्टलवर बुधवारी नोंदवलेली माझी तक्रार शुक्रवारी ‘निकाली’ निघाली आहे, ती कोणत्या निकालाने निघाली तेही कळले तर बरे.

येत्या मंगळवारी वडिलांना डोळ्याच्या तपासणीसाठी पुन्हा न्यायचे आहे. पहाटे साडेचारला निघावे लागेल. दिवे मी काढलेले नाहीत आणि काढणार नाही. डॅशबोर्डच्या खणात १० मीटरची टेप, कोळशाचा तुकडा आणि नियम १०६ ची छापील प्रत ठेवली आहे. कोणी थांबवले तर मी गाडी सपाट जागी उभी करीन. आपल्या माणसांनी मोजून घ्यावे.

आपला,
आजरा तालुक्यातील एक शेतकरी व वाहनधारक