मनूस, पिशवीबद्दल

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर चिडलीस. "आई, ड्रेन सोडून दुसरं काही बोल ना." म्हणून आधी दुसरंच लिहिते.

सुधीररावांचं जेवण हळूहळूच वाढेल. व्हिपलनंतर, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायच्या या ऑपरेशननंतर, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, तेव्हा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं दे. पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर. दोन असतील तर दुसरी निम्मं जेवण झाल्यावर. फोडून गरम वरणात घालायची नाही, उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. शौचाला तेलकट, तरंगणारी झाली तर डोस कमी पडतोय असं डॉक्टरांना सांग.

आता पिशवी, पोटातल्या ड्रेनच्या नळीला लावलेली. रोज ठरल्या वेळी, साबणाने हात धुऊन रिकामी करायची. किती मिली आणि रंग कसा, दोन्ही लिहायचं. स्वादुपिंड आतड्याला जोडतात तो जोड सगळ्यात नाजूक. ग्रंथी मऊ, नलिका बारीक असली की टाके नीट धरत नाहीत आणि रस झिरपतो. ड्रेनमधलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, तिसऱ्या दिवसानंतरही रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त होतं, म्हणूनच नळी ठेवून घरी सोडलंय. नुसत्या झिरपण्याची मला धास्ती नाही, त्यात जंतू शिरण्याची आहे. काविळीसाठी आधी पित्तनलिकेत स्टेंट, ती बारीक नळी, टाकला होता ना, त्या वाटेने आतड्यातले जंतू पित्तात येऊन बसतात: ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस. ऑपरेशनच्या वेळच्या पित्ताचा कल्चर रिपोर्ट, कुठले जंतू ते सांगणारा, असेल तर फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव. ताप आला तर कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते ठरवायला त्याचा उपयोग होतो.

ताप १००.४च्या वर, हुडहुडी, पाणी राखाडी-मातकट किंवा वास येणारं, किंवा पिशवी एकाएकी कोरडी पडून पोट दुखू लागलं, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नकोस. आत पू साचला की नुसत्या औषधाने भागत नाही, त्याला वाट करून द्यावीच लागते. तुझ्या दंडावरचं गळू आठवतं? गोळ्यांनी काही हटेना, चीर दिली आणि त्याच संध्याकाळी ताप उतरला. तू रडली नाहीस, नानांच्या शर्टाचं बटण मात्र उपटलंस. ते बटण अजून डब्यात आहे.

लेक्चर झालं, माफ कर. पण रक्ताचं सांगायलाच हवं. पिशवीत लाल दिसलं, थोडंसं, आपोआप थांबलेलं, तरी निघायचं. उलटीत रक्त किंवा काळी शी झाली तरी तसंच. जंतू मिसळलेला रस गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचं (जठराजवळची रक्तवाहिनी) ऑपरेशनमध्ये बांधलेलं टोक कुरतडतो. आधी चमचाभर येतं, मग काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी भडभडून. त्या मधल्या वेळातच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून, कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं किंवा स्टेंट आत बसवून ते बंद करता येतं. तुमच्या हॉस्पिटलात ही सोय रात्रीही आहे का, आजच विचार. नसेल तर कुठे न्यायचं तेही विचारून ठेव.

वहीचा फोटो पाहिला. वॉर्डात नव्या मुलींना कितीदा सांगून इतकी नीट नोंद मिळायची नाही. फक्त रंगाच्या रकान्यात 'ठीक' लिहितेस, तसं नको. रंगच लिही, आणि आजचा मला कळव.

शनिवारी ताईला पाठवतेय. रात्री ती जागेल, तू झोप.

तुझी आई