रॉजरच्या हातातला दगड

गुहागर

चि. अथर्व यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, ती निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची गोल्डिंगची कादंबरी, वाचून झाली, सगळा घात शिकारी टोळीच्या म्होरक्या जॅकने केला. बाबांनी फोन घेतला आणि आपलं बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहितेय. जॅक दोषी आहेच. पण माझं मन रॉजरपाशी अडकलंय. सुरुवातीला तो कोपऱ्यातला, अबोल मुलगा. पुढारी मतदानाने निवडू या, हे सुचवणारासुद्धा तोच!

चौथं प्रकरण पुन्हा काढ. रॉजर आणि मॉरिस रानातून येतात आणि लहानग्यांचे वाळूचे किल्ले लाथेने उडवतात. पर्सिव्हलच्या डोळ्यात वाळू जाते. मॉरिस काहीतरी पुटपुटत सटकतो, कारण घरी असताना अशाच खोडीबद्दल त्याला शिक्षा झालेली असते. त्याला पर्सिव्हलचा डोळा दिसलाच नाही रे, स्वतःची पाठ आठवली.

रॉजर मागे राहतो. पाण्याच्या कडेला लहानग्यांतला हेन्री काडीने इवलेसे पारदर्शक जीव अडवत बसलाय, आपल्याकडची पोरं ओल्या वाळूत चर खणून कुर्ल्या कोंडतात ना, तसा. माडावरून नारळ धपाधप पडतात. रॉजर नारळांकडे बघतो, मग हेन्रीकडे, आणि दगड उचलतो. नेम मुद्दाम चुकवतो. हेन्रीभोवती सहाएक यार्डांचं रिंगण आहे, त्यात दगड टाकायची त्याची छाती होत नाही. आईवडील, शाळा, पोलीस, कायदा यांचा धाक अजून हाताला धरून आहे. आणि हेन्री? कोण दोस्त खोडी काढतोय म्हणून हसत मागे वळतो. ते हसणं मला सोसवत नाही.

हेन्रीला ओरखडाही आला नाही, म्हणून तू ते पान भरभर उलटलं असशील. पण अकराव्या प्रकरणात कड्यावर तरफेवर अंगाचा भार टाकून भला मोठा धोंडा खाली लोटणारा तोच रॉजर. खाली जाडा पिगी, चष्मा गेलेला, हातात सभेत बोलायचा हक्क देणारा शंख; तो त्यातच मरतो. तोवर धाक घालणारं कोणी उरलेलं नाही, आणि धाकावाचून हात आवरायला रॉजर कधी शिकलेलाच नाही. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते. हे पुस्तक 1954 साली प्रसिद्ध झालं; ते लिहिलं तेव्हा अशी मुलं त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असणार.

रविवारी समुद्रावर गेले होते. सुरूच्या बनाकडून क्रिकेटवाली पोरं आली, एकाने जाता जाता एका चिमुरड्याचा किल्ला तुडवला. बाकीचे हसले. सगळी ओळखीची, चांगल्या घरची. मी हाक मारून म्हटलं, “अरे, त्याच्याकडे बघ तरी.” तो बॅटने वाळू उकरत उभा राहिला. चिमुरडा तोवर आजीकडे पळाला होता.

आणखी एक. पिगीचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. ‘सांगू नकोस’ म्हणून त्याने विनवलेलं असताना ते टोपणनाव चारचौघांत फोडलं कोणी? मुलांनी निवडलेल्या पुढाऱ्याने, तुझ्या लाडक्या राल्फने, हसता हसता.

तुमच्या हॉस्टेलवर नवा मुलगा आलाय, त्याला सगळे ‘ढोल्या’ म्हणतात, असं तू सांगितलंस. त्याचं नाव तुझ्या बोलण्यात आलं नाही. पुढच्या फोनला ते मला सांग, तो कुठल्या गावचा तेही विचारून ठेव. एसटीने आंबापोळी पाठवतेय, त्यालाही दे.

तुझी,
आई